मैनाक्काची घुंगरं

फार वर्षांपूर्वी, आपल्या नदीवर पूल व्हायच्या आधी, सुतवड्यात घरोघरी माग होते आणि गावाच्या खालच्या अंगाला रंगाची भट्टी होती. ती भट्टी मैनाक्काची. सूत उकळायचं, रंगवायचं आणि वाळवून मागवाल्यांना द्यायचं, हे तिचं काम. तिचे हात कोपरापर्यंत निळे होते. असं म्हणतात, ती नदीत हात धुवायला बसली की खालच्या गावातल्या बायकांची लुगडी निळी व्हायची. खालच्या गावाला हे मान्य नाही, पण त्यांनी आपली कुठली गोष्ट कधी मान्य केलीय?

नाव मैना, पण तिच्या गळ्यात आवाज नव्हता. सूत रंगवायच्या आधी ते कास्टिक सोड्याच्या पाण्यातून काढतात. दिसायला ते साध्या पाण्यासारखं, पण कातडी सोलून काढणारं. लहानपणी मैनाक्का तांब्यात ठेवलेलं ते साधं पाणी समजून प्यायली होती. घरच्यांनी घाबरून तिला मीठ-पाणी पाजलं, घशात बोटं घालून ओकवलं. जीव राहिला आणि आवाज गेला. उरली फक्त कुजबुज, तीही कान जवळ नेला तर ऐकू येणारी.

म्हणून तिनं एक काठी केली आणि काठीला घुंगरं बांधली. भाजीवालीला थांबवायचं तरी घुंगरं, कोंबड्यांना बोलवायचं तरी घुंगरं. भाव पाडून मागणाऱ्या मागवाल्यासमोर ती काठी अशी काही आपटायची की तो निमूट ठरलेला भाव द्यायचा.

आता ऐका, काय झालं ते. अनसा नावाची एक कोष्ट्याची सून होती. तिनं भट्टीवरून थोडं कास्टिकचं पाणी घरी नेलं, सुताच्या लडी घरीच भिजवाव्यात म्हणून. न्यायला भांडं नव्हतं, तर घरातली एक रिकामी बाटली घेतली. दिराच्या लग्नात त्या बाटलीतून वाळ्याचं सरबत आलं होतं. लडी भिजवून झाल्यावर उरलेलं पाणी तसंच बाटलीत ठेवलं आणि बाटली ठेवली मागाशेजारी, जमिनीवर. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. असल्या गोष्टी अशाच होतात.

अनसाची लेक शेवंती खेळून दमून घरात आली. लग्नातलं सरबत तिच्या जिभेवर अजून होतं, आणि बाटली तीच. तिनं बूच काढलं आणि घोट घेतला.

तिची किंकाळी ऐकून सगळी आळी धावली. शेवंतीचे आजोबा, तात्या, शब्दाचे पक्के आणि रागाचे कडक. त्यांनी तांब्यात मूठभर मीठ कालवलं. "धरा तिला, ओकवा आधी," ते ओरडले. कुणी ताक आणायला पळालं, कुणी लिंबू कापलं. 

तेवढ्यात मैनाक्का दारात आली. तिनं बाटली पाहिली, पोरीचे सुजलेले ओठ पाहिले आणि सरळ तात्यांच्या हातातल्या तांब्यावर काठी मारली. मीठ-पाणी जमिनीवर सांडलं. तात्यांच्या अंगावर असं जाणारं गावात तोवर कुणी जन्मलं नव्हतं.

"बाजूला हो, मैने! माझी नात मरतीय!"

मैनाक्का हलली नाही. पोर आणि तात्या यांच्यामध्ये ती हात पसरून उभी राहिली आणि बोलू लागली. तिचं ऐकू यावं म्हणून सगळं घर श्वास रोखून गप्प झालं.

"तात्या, हे खाली जाताना एकदा भाजतं. वर येताना दुसऱ्यांदा भाजतं. माझा आवाज वर येताना गेला."

तात्यांचा हात खाली आला.

मग मैनाक्कानं पोरीला ताठ बसवलं. स्वच्छ पाण्यानं चूळ भरून थुंकायला लावली, ओठ आणि हनुवटी पाण्यानं पुसली. पोटात काही जाऊ दिलं नाही, ताक नाही की लिंबू नाही. बाटलीला बूच घट्ट लावून ती पदरात बांधली, शेवंतीला अनसाच्या कडेवर दिलं आणि नदीकडे काठी दाखवली. दवाखाना पलीकडच्या काठावर होता.

घाटावर पोचले तर नदी दोन्ही काठ भरून वाहत होती, आणि होडी पलीकडे. सटवा नावाडी तिकडच्या जांभळीखाली भाकरी खात बसलेला, नदीकडे पाठ करून. सगळा गाव ओरडला. तात्या छाती फुटेस्तोवर ओरडले. पण पाण्याचा गोंगाटच असा होता की शेजारच्याचं शेजारच्याला ऐकू येईना. शेवंतीची मान अनसाच्या खांद्यावर कलली.

तेव्हा मैनाक्का गुडघाभर पाण्यात उतरली आणि तिनं काठी वर धरून हलवली. दंड भरून आले तरी हलवत राहिली. दोरे तुटले, घुंगरं उडून पाण्यात पडू लागली, तरी ती थांबली नाही. असं म्हणतात, ती घुंगरं नदीत पडली तेव्हा नदीनं आपला आवाज खाली घेतला. तिला वाटलं असेल, जिला आवाज नाही ती एवढं बोलावतेय तर आपण कशाला गरजावं? त्या शांततेत उरलेली घुंगरं पलीकडे ऐकू गेली. सटव्यानं मान वळवली आणि भाकरी तिथंच टाकून होडी लोटली. असंही म्हणतात, त्या दिवशी त्यानं वल्हं मारलंच नाही, होडी घुंगरांच्या आवाजावर आपली आपण आली. सटवा मात्र मरेपर्यंत सांगायचा, "माझे हात सोलून निघाले ते काय मग?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी पहिलं विचारलं, "ओकवलं नाहीत ना?" आणि दुसरं विचारलं, "काय प्यायली?" मैनाक्कानं पदराची गाठ सोडून बाटली टेबलावर ठेवली. मग डॉक्टरांनी वेळ घालवला नाही.

शेवंती बरेच दिवस तिथं होती. अनसा तिच्या उशाशी, आणि मैनाक्का दाराबाहेर, भट्टी बंद ठेवून. पोर जगेल हे कळलं होतं, पण आवाजाचं कुणी सांगू शकत नव्हतं. आणि एका सकाळी आतून खणखणीत हाक आली, "आई, मला साधं पाणी दे!" मैनाक्का बाहेर बसून रडली. तिच्या रडण्याला आवाज नव्हता, म्हणून कुणाला लवकर कळलंच नाही.

गावात परतल्यावर ती घरोघर फिरली. सरबताच्या बाटल्यांतलं, तांब्यांतलं सगळं कास्टिक तिनं बाहेर काढायला लावलं. ते ठेवायला काळ्या बरण्या दिल्या, आणि प्रत्येक बरणीच्या गळ्यात एक घुंगरू बांधलं. बरण्या आढ्याजवळच्या फळीवर चढल्या, पोरांचा हात पोचणार नाही तिथं. शिडी धरायला तात्या स्वतः होते.

मैनाक्का गेली, भट्टी गेली, मागही गेले. आता आपल्याकडे फिनेल आहे, संडास धुवायचं ॲसिड आहे, फवारणीचं औषध आहे. पण सुतवड्यात आजही असली बाटली घुंगरू बांधल्याशिवाय घरात येत नाही, आणि आलेली दुसऱ्या बाटलीत ओतली जात नाही. सासरी निघालेल्या लेकीच्या ओटीत नारळाबरोबर मूठभर घुंगरं घालतात. कुणी चुकून काही प्यायलंच, तर ओकवत नाहीत, बाटली उचलतात आणि निघतात. रस्त्यात घुंगरू वाजत पळताना ऐकलं की बैलगाडी असो की एसटी, बाजूला होते.

आणि वर्षातून एकदा, शेवंती बरी होऊन घरी आली त्या दिवशी, सगळा गाव सकाळपासून गप्प असतो. बाया जुनी घुंगरं काढून नवी बांधतात, तेवढाच काय तो आवाज. दुपारी सगळे घाटावर जमतात. नदीवर आता पूल आहे, होडी कधीच मोडली. तरी गावातली सगळ्यात लहान बोलती पोर गुडघाभर पाण्यात उभी राहते. मैनाक्काला जी हाक मारता आली नाही ती मारते, अंगात असेल नसेल तेवढा जोर लावून, "होडी आणा होऽऽ!"

आणि पलीकडच्या काठावर सटव्याच्या घरचं कुणी ना कुणी उभं असतंच. ते ओरडतं, "आलो गं मैनाक्का, आलो!"