खंडेनवमीचे फूल आणि वायफायचा डबा

एकदा एका शिष्याच्या घरी वायफायच्या राउटरवरून वाद पेटला. दृष्टांतातल्या शिष्याला नाव नसते, तसे यालाही नको. त्याच्या पत्नीचे नाव मात्र सांगतो, कारण या घरातले शहाणपण तिच्याकडे होते. तिचे नाव मंजिरी.

मंजिरी समुपदेशक होती. मनाने खचलेली माणसे घरबसल्या पडद्यावर तिच्याशी बोलत. नवऱ्यालाही जे सांगता येत नाही ते कुणी सांगे, कुणी नुसतेच रडे. अशी अकरा माणसे होती. त्यांच्याविषयीच्या नोंदी ती एका डिस्कवर ठेवी, आणि ती डिस्क राउटरलाच जोडलेली असे. ही सोय अर्थातच शिष्याची.

राउटर नऊ वर्षांचा होता. वास्तुशांतीच्या दिवशी शिष्याच्या गुरूंनी तो स्वहस्ते बसवून दिला होता. गुरू म्हणजे तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेले इलेक्ट्रॉनिक्सचे वृद्ध अध्यापक. मोडलेले यंत्र फेकून द्या, असे त्यांनी आयुष्यात कुणाला सांगितले नव्हते. त्यामुळे या राउटरला घरात जवळजवळ देवाचा मान होता. दर खंडेनवमीला शिष्य त्याला हळदकुंकू लावी, झेंडूचे फूल वाही आणि हात जोडी.

एके दिवशी मंजिरीला, घरातली कोणकोणती यंत्रे राउटरला जोडलेली आहेत त्या यादीत एक अनोळखी फोन दिसला. ती पाहते आहे तोवर तो नाहीसा झाला.

"हा डबा बदलू या," ती म्हणाली.

"कशासाठी? हिरवा दिवा लागतोय, वेग आहे, कधी बंद पडत नाही. सरांच्या हातचा आहे तो!"

"मग तो फोन कुणाचा होता?"

"असेल शेजाऱ्यांचा. तू उगाच घाबरतेस."

तीन दिवस घरात धड बोलणे नव्हते. शेवटी दोघे सरांकडे गेले. शिष्य मनातून निश्चिंत होता, सर काय म्हणणार ते त्याला ठाऊकच होते. सरांनी सगळे ऐकून घेतले, राउटरचा जुना खोका मागवला, त्यावरचा क्रमांक उतरवला आणि एवढेच विचारले, "तपासायची परवानगी देता मला?"

"सर, परवानगी कसली मागता!" शिष्य म्हणाला.

"मंजिरी, तू सांग."

"तपासा सर."

"रविवारी दहा ते अकरा पडद्यावर कुणाशी बोलू नकोस. यंत्रे मात्र सगळी चालू ठेव."

रविवारी दहा वाजले. साडेदहा वाजले. सर आले नाहीत, फोनही उचलेनात. मंजिरी दारापाशी आणि शिष्य खिडकीपाशी, अशा फेऱ्या सुरू होत्या. पावणेअकराला आतल्या खोलीतला प्रिंटर आपोआप खरखरला. घरात तर कुणी आज्ञा दिलेली नव्हती. एक कागद हळूहळू बाहेर आला. त्यावर चार शब्द होते: "चहा टाका, वर येतो."

शिष्याने खिडकीतून खाली पाहिले. सोसायटीच्या फाटकाबाहेर, रस्त्याकडेच्या सिमेंटच्या बाकावर सर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. त्याला हसू यायला हवे होते, पण तो कागद हातात घेऊन चहा टाकायला गेला.

सर वर आले. चहाचा कप त्यांनी हाती घेतला, पण प्यायले नाहीत.

"सर, तुम्हाला जुना पासवर्ड आठवत होता?" शिष्याने आशेने विचारले.

"नाही. तो मी केव्हाच विसरलो. या बनावटीच्या डब्याच्या सुरक्षेत एक भोक आहे. चार वर्षांपूर्वी ते जगजाहीर झाले. तोवर कंपनीने या डब्याकडे लक्ष देणे सोडले होते, म्हणून ते बुजवायला कुणी आलेच नाही. त्यातून आत शिरायला मला अर्धा तास पुरला. मंजिरी, तुझ्या डिस्कचे नाव मला दिसले. मी ती उघडली नाही, उघडता मात्र आली असती."

मंजिरी खाली बसली.

"पण सर, तुमच्या हातचा..."

"म्हणूनच!" सरांचा आवाज चढला. "माझे वडील सुतार होते. खंडेनवमीला ते आधी पटाशीला धार लावत, करवतीचे दाते पाहत, गंजलेले हत्यार बाजूला काढत. फूल त्यानंतर वाहत. तू नऊ वर्षे नुसते फूल वाहिलेस. जुने झाले म्हणून मी काही टाकत नाही, हे तू शिकलास. पण ठेवलेली प्रत्येक वस्तू मी दरवर्षी उघडून पाहतो, ते तुला शिकवायचे राहिले. तो दोष माझा. दिवा लागणे हे यंत्राचे अर्धेच काम. याचे दुसरे काम राखण करण्याचे होते, आणि ते याने चार वर्षांपूर्वीच सोडले आहे."

शिष्याची मान खाली गेली. मग त्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "आजच नवा आणतो सर. विषय संपला."

"संपला कसा? तो फोन कुणाचा होता? त्याने काय वाचले?" सरांनी विचारले आणि न प्यायलेला कप खाली ठेवला.

"ज्यांच्या त्या नोंदी आहेत त्यांना हे सांगायला हवे," सर शांतपणे म्हणाले.

"सर, तिच्याकडे मग कोण येईल?" शिष्य कळवळला. "वर्षानुवर्षांचे काम आहे तिचे. आणि काही झालेच नसेल तर?"

"तर तेही सांगावे, की ठाऊक नाही."

मंजिरी उठली. तिने राउटरची वायर भिंतीतून ओढून काढली आणि हिरवा दिवा विझला. अकरा नावांची यादी घेऊन ती टेबलापाशी बसली.

"मी बोलतो, चूक माझी आहे," शिष्य म्हणाला.

"नाही. विश्वास त्यांनी माझ्यावर ठेवला होता. तू फक्त शेजारी बस."

पहिला फोन एका वयस्क गृहस्थांना लागला. तिने काही न लपवता सगळे सांगितले. मग ते म्हणाले, "मी काय काय बोललोय ते आठवतोय, ताई. राग आलाय मला. पण मंगळवारी येतो."

दुसऱ्या फोनवरच्या बाईंनी अर्ध्यावर ऐकले आणि एक शब्दही न बोलता फोन ठेवून दिला.

मंजिरीचे बोट यादीतल्या तिसऱ्या नावापाशी अडले. आणखी नऊ नावे उरली होती. शिष्याने तिच्या हातून फोन घेतला. आता तो म्हणेल की राहू दे, एवढे पुरे, असे तिला वाटले. त्याने यादीतला तिसरा क्रमांक स्वतः लावला, घंटा वाजेपर्यंत थांबला आणि फोन परत तिच्या हाती दिला.