आतला दगड, बाहेरची थापी

एका ओढ्याकाठच्या गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत असत. त्यांच्या हातच्या रांजणात पाणी इतकं गार राही, की उन्हाळ्यात वाटसरू वाट वाकडी करून त्यांच्या दारी पाणी प्यायला येत.

एका वर्षी भट्टी रचताना कुंभार वरून पडला. जीव वाचला, पण उजवा हात खांद्यापासून लुळा झाला.

त्याच्या बायकोला दोन भाऊ होते. त्याच वर्षी थोरला तापाने गेला. धाकटा वेड्यासारखा झाला. थोरल्याच्या वहाणा दारात होत्या, त्या तो कुणाला हलवू देईना. अशात कुणीतरी त्याला सांगितलं, "तुझी बहीण गुडघाभर चिखलात राबते आणि तुझा दाजी नुसता बसून असतो."

एवढं ऐकलं मात्र, हातातली भाकरी टाकून त्याने बैलगाडी जुंपली.

सकाळी गाडी कुंभाराच्या अंगणात पोचली. बघतो तर खरंच! बहीण माती तुडवत होती, घामाने निथळत होती. आणि दाजी सावलीत दुसऱ्या ढिगाशी बसून डाव्या हाताची बोटं मातीत फिरवत होता, लहान मूल खेळतं तसा.

"ताई, पाय धू आणि गाडीत बस!" भाऊ उतरायच्या आधीच ओरडला.

"अरे, आधी पाणी तरी पी."

"पाणी नको मला. दादा गेला तेव्हा मी नुसता बघत राहिलो. आता नाही राहणार. इथे मरशील तू!"

बहिणीचे डोळे भरले. दादा तिचाही होता.

कुंभाराने मान खाली घातली. "तो बरोबर बोलतोय. जा तू. माझं होईल काहीतरी."

"तुमचं काय होईल ते मला ठाऊक आहे. तुम्ही गप्प बसा," ती म्हणाली. मग भावाकडे वळली. "येते मी. पण संध्याकाळपर्यंत माझ्या जागी तू काम कर. तुला जमलं तर कुणालाही जमेल. मग एखादा गडी ठेवू आणि मी निघते."

"एवढंच ना!" भावाने धोतर वर खोचलं आणि दाजीजवळच्या ढिगात उडी मारली. दुसऱ्याच पावलाला तो किंचाळला. तळव्यात खडा घुसला होता.

"अरे, तो ढीग अजून वेचायचाय!" बहीण धावत आली. "यांनी खडे वेचल्याशिवाय मला मातीत पाय घालू देत नाहीत."

दाजीच्या मांडीशी खड्यांची, काट्यांची, फुटक्या शिंपल्यांची छोटी रास होती. उजाडल्यापासून एका हाताने वेचलेली. भावाने बहिणीचे तळवे पाहिले. चिखलाने माखलेले होते, पण त्यांवर एक ओरखडा नव्हता.

तरी हट्टाने त्याने मडकी थापायची लाकडी थापी उचलली.

ओलं मडकं थापून मोठं करताना आतून एका हाताने दगड धरावा लागतो आणि बाहेरून दुसऱ्या हाताने थापी मारावी लागते. दोन्ही नेमके समोरासमोर यायला हवेत. कुंभाराला आता एकच हात होता. म्हणून आतून तो दगड धरी आणि बाहेरून बायको थापी मारी.

भावाने पहिलाच फटका दिला आणि मडकं फाटलं.

"पाव्हणं, मडकं आहे ते, तालमीतला गडी नव्हे," दाजी हसला.

दुसरंही फाटलं. तिसऱ्या वेळी थापी मडक्यातून आरपार दाजीच्या बोटांवर बसली. तरी तो म्हणाला, "काही नाही झालं. मार तू."

"सर बाजूला," म्हणत बहिणीने थापी घेतली. थप, थप, थप. ती भावाला घरचं विचारत होती, मडक्याकडे बघतही नव्हती. तिची थापी जिथे पडे, तिथे आत दगड आधीच येऊन थांबलेला असे. मध्येच तिने हात थांबवला.

"दमलीस?" कुंभाराने विचारलं.

"मी नाही, तुम्ही दमलात. मनगट दुखतंय ना? दगड मागे पडायला लागलाय."

त्याने हसून पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला. ती अर्धा प्यायली आणि उरलेला त्याच्या हातात दिला.

तेव्हा कुठे भावाला रडू फुटलं. दादा गेल्यापासून आत अडकलेलं सगळं बाहेर आलं. मग डोळे पुसत तो म्हणाला, "ताई, मला वाटलं, तू इथे एकटी पडलीस."

"एकटी?" ती हसली. "अरे, या घरात मला दमायलासुद्धा एकटीला मिळत नाही!"

भाऊ दिवसभर थांबला आणि दाजीने वेचून दिलेली माती तुडवत राहिला. दुसऱ्या दिवशी तो निघाला, तेव्हा गाडीत बहिणीच्या जागी गवतावर एक नवा रांजण होता. घरी पोचल्यावर त्याने दादाच्या वहाणा पुसून आत ठेवल्या आणि दारात तो रांजण मांडला, येणाऱ्याजाणाऱ्याने पाणी प्यावं म्हणून.

तात्पर्य एवढंच: कुणाच्या संसारातले कष्ट लांबून पाहून हळहळू नये, चिडूही नये. जरा जवळ जाऊन बसावं. तिथे कुणीतरी कुणाच्या तरी पायांसाठी खडे वेचत असतं.