सबवूफरची जागा

“कुणीतरी आवाज खातंय, बुवा! या घरात कुणीतरी आवाज खातंय.”

गुंडोबुवा अजून चपला काढत होते. जिना चढून त्यांना धाप लागली होती.

“आधी पाणी तरी दे,” ते म्हणाले.

यशोधनने पाणी दिलं. तो बुवांकडे लहानपणापासून गाणं शिकत आला होता. गेल्या दिवाळीपासून त्याने जाणं बंद केलं. खरा सूर आता घरीच ऐकायला मिळेल, तंबोऱ्यापुढे मांडी घालून बसायची गरज नाही, असं तो मित्रांना सांगायचा. आज मात्र त्यानेच बुवांना बोलावून घेतलं होतं.

बाहेरच्या खोलीत भर दुपारी अंधार होता. रस्त्याकडच्या खिडकीवर जाड पडदा ओढलेला. समोर दोन उंच स्पीकर, मधे ॲम्प्लिफायर. खिडकीजवळच्या कोपऱ्यात सबवूफर, खालचे सूर घुमवणारी काळी, चौकोनी पेटी.

बुवा खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसले.

“तारा तपासल्यास?”

“कितीदा तरी. लाल ती लालला, काळी ती काळीला. डावा-उजवा बरोबर. सबवूफरला त्याचा वेगळा प्लग दिलाय. आता ऐका.”

त्याने पखवाज लावला. थाप पडली. तिचा वरचा कडकपणा खणखणीत ऐकू आला. खालचा घुमार आलाच नाही.

“बघा! निम्मा पखवाज जातो कुठे?”

बुवा कोपऱ्याकडे पाहत होते. सबवूफरच्या आजूबाजूला, फरशीवर, खाटेच्या पायांचे गंजाचे डाग होते.

“त्या प्लगवर आधी काय होतं?”

“नानांचा रेडिओ.”

“आणि खिडकीशी तुझ्या वडिलांची खाट.”

“ती आत हलवली. सबवूफरला कोपरा लागतो, असं सगळेच म्हणतात.”

“आत रेडिओ लागतो?”

“आतला पॉइंट जळालाय.” यशोधनने प्लग पुन्हा घट्ट दाबला. “तसंही त्यांना काही कळत नाही आता. खाट हलवल्यापासून एक शब्द बोललेले नाहीत.”

…

दाराशी एक बॅग भरून ठेवली होती. वर घडी घातलेली शाल.

“कुठे निघालास?”

“मी नाही. नाना. उद्या सकाळी गाडी येतेय. मिरज रस्त्यावर वृद्धाश्रम आहे. चांगला आहे, रात्रंदिवस माणूस असतं.”

बुवांनी शालीवरून नजर उचलून त्याच्याकडे पाहिलं.

“असं बघू नका हो. आई गेल्यापासून मी एकटा करतोय. अंघोळ, औषधं, चादरी, सगळं. एकाने तरी विचारलं का, बाबा रे, तुला काय हवंय?”

“नाही विचारलं,” बुवा म्हणाले. “मीही नाही. तुझ्या आईने, इंदूवहिनींनी विचारलं असतं.”

यशोधनने पखवाजाचा आवाज कमी केला. मग उगाचच पुन्हा वाढवला.

“या पेटीबरोबर माहितीचा कागद आला असेल ना? त्यात काय सांगितलंय?”

यशोधन हसला. “त्यात वेडेपणा आहे. म्हणे, आपण जिथे बसून ऐकतो त्या खुर्चीत सबवूफर ठेवायचा. तो तिथे वाजवायचा आणि आपण भिंतीकडेने रांगत फिरायचं. जिथे घुमार पुरता ऐकू येईल, ती त्याची जागा.”

“मग? रांगलास?”

“बुवा, मी काय…”

“मग आवाज कोण खातंय ते कळणार कसं लेका?”

बुवा खुर्चीतून उठले. त्यांनी सबवूफरला हात घातला. तो त्यांना हलेना. शेवटी यशोधननेच तो उचलला, वायर लांब ओढली आणि खुर्चीत ठेवला.

खुर्चीत पेटी बसली. बुवा खाली फरशीवर.

“रांग आता.”

यशोधनने दाराकडे पाहिलं. कुणी येत नव्हतं. तो गुडघ्यांवर टेकला.

कपाटापाशी काहीच नव्हतं. डाव्या स्पीकरमागे घुमार होता, पण चिखलात थाप मारावी तसा. तो पुढे सरकला. आतल्या दाराशी त्याने मान वर केली.

“इथे बरा आहे.”

“पुरता आहे?”

“नाही… पुरता नाही.”

“मग थांबलास का?”

“पुढे नानांची खोली आहे.”

“आवाज तिथे थांबतो?”

…

यशोधनने उंबरठ्यावर हात टेकला.

मग आत गेला.

आत दिवा नव्हता. औषधाचा आणि दमट चादरीचा वास होता. खाट भिंतीला अगदी चिकटवलेली. तिचा लोखंडी कठडा प्रत्येक थापेबरोबर थरथरत होता.

खाटेच्या उशापाशी पखवाज पुरता होता. थाप, थापेखालचा खोलपणा, आणि विरत जाणारा घुमार. काहीही हरवलं नव्हतं. सगळा आवाज इथे येऊन पडत होता, न बोलणाऱ्या एका माणसाच्या डोक्याशी.

यशोधनने हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात पखवाज थांबला. बाहेर बुवांनी सगळेच प्लग काढले होते.

खाट करकरली. नानांनी मान वळवली. अंधुक उजेडात, जमिनीवर, हात-गुडघ्यांवर टेकलेल्या मुलाकडे ते पाहत राहिले. त्यांचे ओठ हलले. पहिल्यांदा नुसती हवाच आली.

“इंदू,” नाना म्हणाले, “अगं हातातलं ठेव आणि ये लवकर… आपला यशू रांगायला लागला.”