दगड ठरलेली कासवी

मुलांनो, एका अरण्यात ओढ्याचे पाणी पाटापाटांनी घरोघर पोहोचविले जाई. तेथे पाटाच्या शेवटी, एका लहानशा तळीत, एक कासवी आपल्या पिलांसह राहत असे. कासवी मोठी भाविक. ऊन माथ्यावर आले की हातपाय आणि मान आत ओढून ती नामस्मरणात बुडून जाई. एकदा नेमक्या त्याच वेळी पाटांची पाहणी करणारा कावळा आला. पिले तळाशी गाळात निजली होती. कावळ्याने वरवर पाहिले आणि पाणीवाटपाच्या कचेरीत जाऊन सांगितले, "तिथे कोणी राहत नाही. एक दगड तेवढा आहे." झाले! तळीकडचा पाट बंद झाला.

कचेरी उंबराखाली भरे. कासवी पाणी मागायला तिकडे निघाली, पण कासवीची चाल ती! पोहोचेपर्यंत सावल्या लांबत. दारावरचा वानर म्हणे, "बगळेबुवांना विचारा." बगळा एका पायावर उभा राहून, डोळेही न उघडता म्हणे, "उद्या या, बाई." दुसऱ्या दिवशी वानर नव्याने विचारी, "आपण कोण?" अशी पायपीट करता करता एकदाची ती मुख्य कारभारी कोल्ह्यापुढे उभी राहिली. "काय आहे?" कोल्हा खेकसला. कासवी दचकली आणि जन्माच्या सवयीने कवचात शिरली. बगळ्याने एक डोळा उघडला. "साहेब, कावळा खरेच बोलला. हा तर दगड! चला, पुढचा कोण?"

कासवी थकून घरी आली. तळीत आता चिखलच उरला होता. कासवी नुसत्या दृष्टीने पिले पोसते, असे सज्जन सांगतात. तीही मायेने टक लावून पाहत राहिली. तेव्हा धाकटे पिलू क्षीण स्वरात म्हणाले, "आई, तू पाहतेस ते गोड वाटते गं. पण अंग सुकत चाललेय, त्याचे काय करू?"

ती पुन्हा निघाली. कोल्हा पुन्हा खेकसला. पण या वेळी कासवीने मान आत घेतली नाही. "मी दगड नाही. माझी पिले चिखलात पडली आहेत. पाट सोडा."

"अहो आजी, मग हे आधीच बोलायचे होते!"

"बोलायला मान बाहेर काढावी लागते, साहेब. आणि ती काढली की आपण खेकसता."

कोल्हा वरमला. "बरे, कावळा पुन्हा पाहून जाईल." केव्हा, ते मात्र कोणीच सांगेना. मग कासवी रोज भर उन्हात, डोळे उघडे ठेवून, मान ताठ करून तळीकाठी बसू लागली. नाम ओठांवर, नजर आकाशाकडे. अखेर कावळा आला.

"अरेच्चा, मावशी! तुम्ही इथे राहता? मागे तर इथे दगड होता."

"त्या दगडाला एक हाक मारली असतीत, बाबा, दोनदा मारली असतीत, तर तो बोलला असता," कासवी म्हणाली. तिच्यात रागवण्याचेही त्राण उरले नव्हते.

सायंकाळी पाटाला बारीकशी धार आली, गढूळ पण ओली. पिले धारेकडे सरपटत गेली. कासवीने ते पाहिले, आणि मगच मान आत घेतली.

तात्पर्य : देवापुढे स्वतःला आवरून घ्यावे, पण लेकरांच्या हक्काचे पाणी मागताना मान आत घेऊ नये.