काढलेली खुर्ची

एकदा एक आवाज कानावर पडला आणि पुढे कित्येक वर्षे तिथेच राहिला. आवाज मोटारीचा होता, पण मोटारीतून येत नव्हता. तालमीच्या हौद्यात, लाल मातीत मांडी घालून बसलेला एक लहान पोर तो तोंडाने काढत होता. हातात तेलाच्या डब्याचे झाकण, डोळे समोरच्या भिंतीवर. आवाज आधी पोटातून येई, मग चढत चढत नाकात जाई. मध्येच ओठांचा 'ढप्' असा झटका बसे, म्हणजे गिअर बदलला, आणि पुन्हा खालून सुरू होई. जोर मारणारी माणसे थांबून हसत. त्याचा बाप अंगाला माती लावता लावता म्हणे, "इंद्या, हळू. वळण आलं." मग पोर झाकणाबरोबर स्वतःही वळे आणि मातीत कलंडे.

तो बाप आमच्या वस्तादांचा पठ्ठ्या, त्यांच्या हाताखाली वाढलेला. कुस्ती सुटल्यावर त्याने ओतकामाचा कारखाना काढला. पैसा आला, नाव आले, तरी वस्तादांसमोर तो चपला काढूनच उभा राही. मी तालमीत माती चाळणारा, पाणी मारणारा माणूस. वस्तादांचे गुडघे गेल्यापासून त्यांना धरून नेणे-आणणेही माझ्याकडे आले. म्हणून पुढचे सारे माझ्यासमोर घडले.

शहराबाहेर माळावर शर्यतीच्या गाड्यांसाठी काळाभोर ट्रॅक बांधला आहे. कारखानदाराने एक वेगवान मोटार घेतली आणि रविवारी बाप-लेक तिथे जाऊ लागले. मुलाला बसवून जोरात पळवायची परवानगी नव्हती. म्हणून बाप हळू चालवी आणि कमी पडलेला वेग पोर डाव्या खुर्चीत बसून तोंडाने भरून काढी. सोमवारी तालमीत येऊन सांगे, "वस्ताद, गाडी मीच पळवतो. बाबा नुसतं चाक धरतात."

इंद्रजीत अकरा वर्षांचा असताना त्याच्या रक्तात आजार निघाला. जे जे करायचे ते सारे झाले. पोर राहिले नाही.

वर्ष सरल्यावर कारखानदाराची बायको तालमीत आली. बायका आत येत नाहीत, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी वस्तादांना दारापर्यंत नेले.

"वस्ताद," ती म्हणाली, "ते नवी गाडी घेतायत. दोन गाड्या निवडल्यात, आणि त्यातली कुठली घ्यायची एवढंच दिवसभर चाललेलं असतं. जेवताना तेच, झोपेतसुद्धा तेच. कारखान्यात पाऊल टाकत नाहीत. माझ्याशी दुसरं काही बोलत नाहीत."

"माणूस कशात तरी मन घालतंय, सूनबाई."

"परवा जुनी गाडी टायरांच्या भिंतीवर घातली. उतरून हसत होते, तिथल्या माणसानं सांगितलं." तिने पदर हातात धरला होता. "उद्या दोन्ही गाड्या ट्रॅकवर दाखवायला येणार आहेत. कुठली घ्यायची ते तुम्ही सांगा. तुमचा शब्द ते मोडत नाहीत."

"मला मोटारीतलं काय कळतंय, पोरी?"

"मलाही कळत नाही. पण मला भीती वाटते."

दुसऱ्या दिवशी तिचा ड्रायव्हर आम्हाला घेऊन गेला. माळावर वारा होता. पत्र्याच्या शेडसमोर दोन गाड्या उभ्या होत्या, एक हिरवी, एक पांढरी. दोन्ही इतक्या बसक्या की त्यांच्याकडे पाहायला माणसाला वाकावे लागे. पुण्याहून आलेला एक तरुण विक्रेता हसतमुखाने फिरत होता. कारखानदार वस्तादांच्या पाया पडला. त्याचे डोळे खोल गेले होते. बायको शेडमधल्या बाकावर जाऊन बसली.

"वस्ताद, तुम्ही सांगाल ती," कारखानदार म्हणाला.

"आधी मला कळू दे तर. ह्यांच्यात फरक काय?"

विक्रेता पुढे झाला. "आजोबा, ही हिरवी. हिचं इंजिन मोठं, ताकद जास्त. ट्रॅकवर पळते आणि संध्याकाळी आरामात घरी पण जाते. एसी आहे, गाणी आहेत, दोघं व्यवस्थित बसतात. ही पांढरी मात्र निव्वळ ट्रॅकची. हिच्यातलं सगळं काढून टाकलंय. गालिचा नाही, एसी नाही, काचा पातळ. आतून दार ओढायला मूठसुद्धा नाही, कापडी पट्टा आहे. ताकद थोडी कमी, पण इतकी हलकी की वळणात हिरवीला मागे टाकते."

"मग स्वस्त असंल."

"नाही आजोबा, हीच महाग."

"सामान कमी, पैसे जास्त," वस्ताद म्हणाले. "एकदा आमच्या तालमीत या. तिथं तर काहीच न्हाई. केवढ्याला जाईल बघा."

विक्रेता मनापासून हसला. पांढरीच्या चाकाशी वाकून तो म्हणाला, "ब्रेक बघा. सिरॅमिकचे. म्हणजे भाजलेल्या मातीसारखंच असतं काहीतरी."

"शेवटी मातीच थांबवती म्हणा," वस्ताद म्हणाले. ह्यावर कोणी हसले नाही.

इतका वेळ गप्प असलेला कारखानदार एकदम बोलू लागला. "वस्ताद, पांढरीत अजून एक करता येतं. डावी सीट काढून टाकता येते. मग ती आणखी हलकी होते. एकट्यानं चालवायची तर दुसरी सीट हवी कशाला? उगीच वजन." बोलताना त्याच्या चेहऱ्यावर जी तरतरी आली ती पाहून मला बरे वाटायला हवे होते. वाटले नाही.

"ह्या गाडीत काढूनच आणलीय, सरांनी सांगितलं म्हणून," असे म्हणून विक्रेत्याने डावे दार उघडले. आत उघडा पत्रा होता आणि खुर्ची जिथे आवळलेली असते तिथे बोल्टांची भोके.

वस्तादांनी बराच वेळ त्या पत्र्याकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, "काढलेली खुर्ची कुठं जाते?"

"वाया नाही जात, आजोबा. खोक्यात नीट बांधून सरांच्या घरी पोचवतो आम्ही."

"घरी कोण उतरवून घेणार?"

"मॅडम असतीलच की."

बाकावरच्या बाईने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

वस्तादांनी काठी माझ्या हातात दिली. "मला आत बसव," ते म्हणाले.

"हिरवीत ना? चला," मी म्हटले.

"हिच्यात. हितं."

विक्रेता धावत आला. "आजोबा, तिथं बसायला काही नाही! पत्रा आहे नुसता. लागेल तुम्हाला."

"मातीत बसलेला माणूस मी. पत्र्याचं काय कौतुक?"

कसेबसे आम्ही त्यांना आत उतरवले. गुडघे छातीशी आले, टोपी दाराच्या चौकटीला लागून वाकडी झाली. शंभर पैलवान घडवलेला तो देह त्या खोबणीत एखाद्या बोचक्यासारखा दिसत होता. ते कारखानदाराला म्हणाले, "बस. चालू कर."

शिष्याला काही उमगेना. पण वस्तादांचा शब्द. त्याने हेल्मेट चढवले, उजवीकडे बसून पट्टे आवळले आणि इंजिन चालू केले. गाडी जागच्या जागी गुरगुरू लागली. डाव्या दाराचा पट्टा माझ्याच हातात होता. दार लावणार तोच मला तो आवाज ऐकू आला.

आधी पोटातून. मग चढत चढत नाकात. वस्तादांच्या पुढच्या दातांपैकी आता एकही उरलेला नाही, त्यामुळे तो नुसता वारा येत होता. तरी 'ढप्' झाले, गिअर बदलला आणि आवाज पुन्हा खालून निघाला. म्हाताऱ्याने दोन्ही हात समोर धरले होते, त्यांत नसलेले झाकण होते. वळण आल्यासारखे त्यांनी अंग वळवले आणि त्यांचा खांदा शिष्याच्या कोपराला टेकला.

कारखानदाराने इंजिन बंद केले. क्षणभर वस्तादांचा आवाज एकटाच चालू राहिला, मग तोही थांबला. शेडमध्ये त्याची बायको उभी राहिली होती.

"हे काय, वस्ताद?" हेल्मेटच्या आतून तो म्हणाला. "असं का करताय?"

वस्ताद सावकाश बोलले. "तुला आठवतं का, त्या मोठ्या मैदानाच्या वेळी तुझं वजन जरासं जास्त भरत होतं. भर उन्हात घोंगडी पांघरून पळालास. पाण्याला शिवला न्हाईस. काट्यावर बरोबर उतरलास आणि पहिल्याच पकडीत खाली गेलास. मी काही बोललो न्हाई, कारण ते वजन घामाचं होतं. मातीत जिरलं. त्याचा भार कुणावर पडला न्हाई." त्यांनी खालच्या पत्र्यावर हात टेकला. "हे वजन तसलं न्हवं, लेका. हे जिरत न्हाई. तू अंगावरनं टाकलंस की ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाऊन बसतं. बघ की, साधी खुर्चीसुद्धा घरी जाणार. बांधून. सूनबाईनं उतरवून घ्यायची. तिचं तिनं उचललंच आहे. आता तुझं पण?"

कारखानदाराने हेल्मेट काढले. तो समोरच्या काचेतून बाहेर पाहत होता, पण काही पाहत नव्हता.

"मग हिरवी घेऊ?" तो म्हणाला. "शेजारची रिकामी खुर्ची बघत चालवू? रोज?"

"तसं मी कुठं म्हटलं?"

"मग काय करू, वस्ताद? तुम्ही सांगा. मी करतो."

मला वाटले, आता ते सांगतील. सगळी हयात पोरांना सांगण्यातच गेली होती त्यांची. पण वस्तादांनी हात गुडघ्यांवर ठेवले. वाऱ्याने शेडचा एक पत्रा वाजत होता.

"मला ठाऊक न्हाई," ते शेवटी म्हणाले. "डाव असता तर तोड सांगितली असती. ह्याला तोड न्हाई. दोघांनी मिळून धरायचं, एवढंच. धरून ठेवायचं. हलकं होणार न्हाई ते."

शिष्य उतरला. गाडीच्या टपावर हात ठेवून तो थोडा वेळ उभा राहिला. मग अगदी लहान मुलासारखे म्हणाला, "वस्ताद, मी दमलोय हो."

त्याच्यावर रागवावे असे त्या आवाजात काहीच नव्हते. आजही मला त्याचा राग येत नाही. पुरात सापडलेला माणूस हातातले गाठोडे सोडतो. त्या गाठोड्यात काय आहे, त्या वेळी त्याला कोण विचारणार?

विक्रेता हलक्या पावलांनी जवळ आला. "सर, मग कुठली?"

"पांढरी," तो म्हणाला.

"डाव्या सीटशिवाय?"

"सीटशिवाय."

"आणि काढलेली सीट?"

त्याने डोळे मिटून घेतले. "पाठवा घरी."

ओझे टाकून आपण मोकळे झालो असे ज्याला वाटते, त्याने एकदा मागे वळून पाहावे की ते कोणी उचलले.

वस्ताद अजून आतच होते. मी त्यांना उठवायला वाकलो, पण मीही म्हातारा, मला ते उचलेनात. तेवढ्यात शेजारी बांगड्या वाजल्या. ती आली होती. तिने एक हात वस्तादांच्या काखेखाली घातला, मी दुसरा, आणि दोघांनी मिळून आम्ही त्यांना त्या पत्र्यावरून वर काढले. तिने त्यांच्या धोतराला लागलेली धूळ झटकली, टोपी सरळ केली, काठी हातात दिली.

कारखानदार दोन पावलांवर उभा होता. त्याने तिच्याकडे पाहिले, आणि ओझे कोण उचलते आहे ते त्या वेळी त्याला कळले असावे, कारण हेल्मेट धरलेला हात आपोआप खाली आला.

ती आपल्या गाडीकडे गेली नाही. ट्रॅकपलीकडच्या फाटकाकडे निघाली. ट्रॅकवर त्या वेळी एकही गाडी नव्हती, तरी काठाशी ती थांबली. तिने दोन्हीकडे पाहिले. मग डावा हात अंगापासून थोडा लांब धरून, जसा लहान पोराला रस्ता ओलांडून नेताना धरतात, ती चालत गेली.