गोठ्याच्या दारावरचा शॉट

“…पण भूत ढळढळीत समोर दिसतंय, तरी लोक हसतात कसे, चाचा?”

ही गोष्ट तुम्ही मला अजून कितीदा सांगायला लावणार, कोण जाणे. सांगतो. मधे बोलायचं नाही.

विचारणारा निनाद खानविलकर, पुण्याचा दिग्दर्शक. पहिलाच सिनेमा, तोही भुताचा. निर्मात्यानं चार माणसं बसवून दाखवला, तर ती पोट धरधरून हसली. सोमवारपर्यंत भुताचा प्रसंग नव्यानं घेऊन आण, नाहीतर सिनेमा डब्यात, म्हणाला.

म्हणून पठ्ठ्या कॅमेरा घेऊन कागलला, मुजावरचाचांच्या अंगणात. चाचांनी चाळीस वर्षं सिनेमाचा कॅमेरा चालवलेला. आता शेळ्या पाळतात.

“काय काय घेतलंस?” चाचा लसूण सोलत होते.

“सगळं! जमिनीवरून घेतलं, छतावरून घेतलं. कॅमेरा तिरका धरला. भुताच्या तोंडाचा क्लोजअप तर अकरा वेळा.”

“अकरा? सोयरीक जुळवायची हुती काय त्याची?”

निनादला झोंबलं. “मी शिकून आलोय, चाचा. एक शॉट चुकीचा नाही त्यात.”

“बरं. लाव कॅमेरा. त्या गोठ्याच्या दारावर.”

दार सताड उघडं. आत काळोख. शेळ्या चरायला गेलेल्या.

“आत कोण आहे?”

“कोण न्हाई. बघत ऱ्हा. मी कट म्हणीपर्यंत डोळा काढायचा न्हाई.”

निनादनं डोळा लावला. दार. नुसतं दार. जांभई आली त्याला.

मग लसूण सोलल्याचा आवाज थांबला.

दार तसंच. डाव्या बाजूला, खाली, काही हललं का? नाही… हललं… नाही.

“चाचा?”

…

“चाचा, आहात ना?”

…

भर दुपार, अंगणात लख्ख ऊन, आणि याच्या मानेवर काटा. आता दाराकडं बघवेना आणि नजरही हलवता येईना. शेवटी झटकन डोळा काढून गर्रकन मागं वळला.

चाचा हातभर अंतरावर. मांडी घालून, गप्प.

“कोण आलं दारातनं?”

“कोणी… कोणीच नाही.”

“मग वळलास कशाला?”

निनादनं बाहीनं मान पुसली.

“कट म्हणलो नव्हतो मी. लाव डोळा.”