जकातीची चांदी

एका राज्यात बाजार असा बसला की बांगड्या घडवणाऱ्या मणियाराच्या भट्टीत मांजर झोपू लागलं. तेव्हा विक्राळ नावाच्या जादूगारानं सोनं वाटलं, पण व्याजानं. ज्याला फेडता आलं नाही, तो त्याच्या अंगणात दगड होऊन उभा राहिला. व्याज हराम, हे ठाऊक असूनही बांगड्यावाल्या याकूबनं हात पसरला, आणि तोही दगड झाला. भूक हो, दुसरं काय?

त्याची बायको नफीसा मोठी खंबीर. जादूगार तिला म्हणाला, "आणखी सोनं घे, नवरा सोडवून ने."

"नको. व्याजानं गेलेला माणूस व्याजानं परत यायचा नाही."

ती डोंगरावरच्या बोलक्या साळुंकीकडे गेली. साळुंकी म्हणाली, "तीन कामं कर. या डोंगरात पुरलेली चांदी वर काढ. खरी तोल. चाळिसावा हिस्सा जकात म्हणून, म्हणजे गरिबाचं देणं म्हणून, दगडाच्या हातावर ठेव."

चांदीवर नाग बसला होता. "यात गरिबांचा वाटा आहे, सरक," नफीसा म्हणाली. नाग सरकला. तराजू लबाड होता, तिनं बिस्मिल्ला म्हणून दटावल्यावर तोही सरळ झाला. मग तिनं जकातीची चांदी याकूबच्या हातावर ठेवली.

चांदी घरंगळून खाली पडली. पाहते तर प्रत्येक पुतळ्याच्या पायाशी अशीच चांदी पडलेली.

"सगळ्याजणी हेच करतात," जादूगार हसला.

नफीसानं कपाळावर हात मारला. आपली जकात आपल्याच नवऱ्याला चालते होय? ती बाहेरच्या अडलेल्याची!

शेजारी हमीदाचा नवरा कासीम उभा होता. हमीदाच्या नि तिच्यात तर विस्तव जात नव्हता. जकात एकदाच निघते, ही चांदी दिली की याकूब दुसऱ्या कुणाच्या दयेवर उरणार होता. तरी तिनं ती कासीमच्या हातावर ठेवली, आणि कासीमनं श्वास घेतला.

हमीदा धावत आली. नवऱ्याच्या पायाशी पडलेली आपली चांदी तिनं उचलली.

"ही घेऊन मी घरी गेले तर?"

"तर जाशील. मी दिली ती अल्लासाठी दिली."

हमीदा दोन पावलं घराकडे चालली आणि मागं फिरली. मग तिनं ती चांदी याकूबच्या हातावर ठेवली.

ते पाहून एकीनं दुसरीचा, दुसरीनं तिसरीचा माणूस सोडवला. अंगण रिकामं झालं, तसं जादूगाराच्या सोन्याची राख झाली. राजानं दवंडी पिटून व्याज बंद केलं.

याकूबनं डोळे चोळत विचारलं, "मला कुणी सोडवलं?"

"हमीदानं," नफीसा रडत म्हणाली. "चला, आधी तिचे आभार माना. मला अजून जमलेलं नाही."